शववाहिकेतली सोबत

लोकांची लग्नं बागेत, बसथांब्यावर, नाहीतर एखाद्या खटपट्या आत्याच्या कृपेने जुळतात. त्यांचं शववाहिकेत जुळलं. तो गाडी चालवायचा. ती आईचा देह इस्पितळातून गावी न्यायला आली होती, एकटीच. घाटात दरड कोसळली आणि गाडी अडकून पडली. तिने अंगावरची चादर काढून आईवर घातली.

"त्यांना आता थंडी वाजत नाही," तो म्हणाला.

"तिला नाही वाजत. मला वाजते, तिला अशी बघून."

मेलेल्यांच्या संगतीत जिवंत माणसांशी बोलायची त्याची सवयच मोडली होती. पण दरड उपसून होईपर्यंत दोघं बोलत राहिली, आणि आईचं सगळं आटोपल्यावर ती त्याच गाडीतून परतली. शेजारीपाजारी पुढे म्हणायचे, "यांच्या मधुचंद्राला तिसरं माणूस होतं, पण बिचारं मध्ये मध्ये बोलायचं नाही."

लग्नानंतर ती प्रत्येक लांबच्या खेपेला सोबत जाऊ लागली. धुक्यात वाट चुकून एकदा ते भलत्याच्याच लग्नघरासमोर गाडी घेऊन उभे राहिले आणि मार खाता खाता वाचले. एकदा पुरात गाडीच्या टपावर बसून दिवस काढला. "खाली फळीवर तो मेलेला कोरडा, वर पावसात आपण चिंब," ती म्हणाली, "नशीबवान कोण ते सांगा बघू!" तो हसला होता. तिच्याशिवाय गाडी चालवणं त्याला आता जमलंही नसतं.

प्रत्येक मृताचे केस विंचरून त्याच्यावर वेगळ्या रंगाची चादर घालायची, ही तिची रीत. त्या खेपेला दोन म्हातारे होते. एक मास्तर, निळ्या चादरीत. दुसरा सुतार, तपकिरी चादरीत. नदी ओलांडताना तराफा कलला आणि गाडीत पाणी शिरलं. इस्पितळाने बांधलेल्या ओळखचिठ्ठ्यांचा लगदा झाला. पलीकडच्या काठावर तिने दोघांचे चेहरे पुसले, भांग पाडले, चादरी कठड्यावर वाळत घातल्या आणि हात धुवायला गेली. उशीर होतोय म्हणून चादरी त्याने देहांवर घातल्या.

मास्तरांचं घर आधी आलं. लेकी, जावई, नातवंडं, अख्खी गल्ली जमलेली. निळ्या चादरीतला देह उचलून लोक थेट मातीकडे निघाले. देह नदीच्या पाण्यात भिजल्याचं ऐकून चेहरा उघडायचं धाडस कोणी केलं नाही.

सुताराच्या दारात त्याची बायको तेवढी उभी होती. गाडीतून उतरून ती त्या म्हातारीला धरून आत घेऊन गेली. देह उतरवताना त्याच्या हातून चादर सरकली. सुताराला भरघोस मिशा होत्या. या चेहऱ्यावर मिशी नव्हती.

त्याने चादर पुन्हा वर ओढली. म्हातारी तिला धरून बाहेर आली तेव्हा तो म्हणाला, "आजी, चेहरा बघू नका. बघण्यासारखा राहिला नाही."

"बरं, बाबा," म्हातारी म्हणाली. "तुम्ही घरी आणलंत, हेच खूप झालं."

मूठमाती देऊन झाली. परतीच्या रस्त्याला लागल्यावर बायकोने विचारलं, "चेहरा चांगला होता. भांग मी पाडला होता. खोटं का बोललात?"

चादरींची अदलाबदल झाल्याचं त्याने सांगितलं.

"गाडी वळवा."

"अगं, पुरून झालं! आता सांगून कुणाचं भलं होणार? परत एक मढं कोणी देणार नाही आपल्याला."

"ती रोज जाऊन त्या मातीशी बोलेल. कुणाशी बोलेल हो ती?"

"तिला काय कळणार आहे?"

"मला कळतं ना! वळवा, नाहीतर मी इथेच उतरते. मग शोधा दुसरी सोबत."

तिने दाराच्या कडीवर हात ठेवला. त्याने गाडी वळवली.

म्हातारीला त्यानेच सांगितलं. तेवढं तरी आपण करावं, म्हणजे ती पुन्हा नीट बोलेल, असा हिशोब त्याच्या मनात होता. म्हातारी ओरडली नाही. खाली बसली आणि हाताला लागलेली माती बघत राहिली.

"तिकडे कोणी रडलं त्यांच्यासाठी?" तिने विचारलं.

"खूप जण," त्याची बायको म्हणाली. "लहान लहान पोरंसुद्धा."

"माझ्या माणसाला एवढं रडू मिळालं. पण ते दुसऱ्याच्या नावाचं." म्हातारी उठली. "मला तिथे न्या. आणि त्या लेकींनाही सांगा, त्यांचा बाप इथे आहे म्हणून."

बायकोने म्हातारीला पुढच्या बाकावर बसवलं, तिच्या पायांवर पदर नीट केला. मग ती मागे गेली आणि मृतांना ठेवायच्या रिकाम्या फळीशेजारी बसली. त्याने आरशात पाहिलं. तिने तोंड फिरवलं होतं.

"पुढे ये ना," तो म्हणाला.

पुढे तिघांना पुरेल एवढी जागा होती.