लिंबाखालची माझी जागा

मित्रांनो, औशात किल्ल्याच्या वाटेवर एका घरासमोर तुम्हाला एक भलीमोठी काळी गाडी उभी दिसेल. पुढच्या दारावर ओरखडा, मागच्या काचेवर अर्धवट खरवडलेले लग्नाचे स्टिकर. ती मी. मी एक जुनी गाडी आहे. परदेशात आखलेली, इथल्या कारखान्यात जोडलेली आणि बारा वर्षे धावून थकलेली. माझ्यासारखीला लोक आलिशान म्हणतात. ऐकायला बरे वाटते, पण सांधे कुरकुरतात आणि सकाळी पहिल्या किल्लीला जागे व्हायचा मला कंटाळा येतो. तरी आज सांगायला बसले आहे, कारण ही गोष्ट एकट्या माझी नाही.

माझी पहिली आठ वर्षे पुण्यात एका कारखानदाराकडे गेली. काम भरपूर होते. आज मुंबई, उद्या कोल्हापूर, परवा पुन्हा मुंबई. मोकळ्या रस्त्यावर तासन्‌तास धावायचे आणि घरी येऊन निवांत उभे राहायचे. माझे सगळे कोडकौतुक तेव्हाच झाले. मग माझ्याच जातीची नवी गाडी दारात आली आणि मला कोपऱ्यात सरकवले गेले. मालकांनी तोंडावर काही म्हटले नाही. एक दिवस कुणीतरी माझ्यातली त्यांची उशी आणि छत्री काढून नेली, तेव्हा मी काय ते समजले. काही दिवसांनी मी लातूरला रिंगरोडवरच्या जुन्या गाड्यांच्या मैदानात येऊन उभी राहिले.

तिथे एके दिवशी तिघे जण आले. पुढे वैजनाथअप्पा, औशाचे शेतकरी. मागे त्यांच्या पत्नी सिंधू, कमरेला रुंद पट्टा बांधून जपून पावले टाकणाऱ्या. आणि सोबत गुलाम रसूल, लातूरचे जुने मेकॅनिक. अप्पांच्या घरी एक जीप होती. ती खताची पोती वाही, बियाणे वाही, माणसेही वाही. पण सिंधूताईंच्या मणक्यात गॅप पडला होता आणि जीपचा एकेक खड्डा त्यांना डोळ्यांत पाणी आणून मोजावा लागे. त्यांचे माहेर नायगावला, नांदेडच्याही पुढे. तिथे वडील सिद्रामप्पा अंथरुणाला खिळले होते. एकुलती एक लेक पंधरा दिवसांनी तरी यावी एवढीच त्यांची मागणी. म्हणून घरात दुसरी, मऊ चालीची गाडी हवी होती.

मैदानात आम्ही तिघी होतो. एक लहान, जवळजवळ नवी. एक पांढरी, पुढाऱ्यांकडे असते तशी छाती काढून उभी. आणि मी. अप्पांचा जीव पांढरीवर जडला. ते तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले आणि त्यांनी मिशीवरून हात फिरवला. रसूलभाईंनी मात्र जमिनीवर पोते अंथरले, आडवे होऊन ते तिघींच्या पोटाखाली शिरले, तेल बोटावर घेऊन त्यांनी वास घेतला.

"पांढरीचा नाद सोडा अप्पा," ते खालूनच म्हणाले. "वरून पॉलिश, खालून गंज. काळी जुनी हाय, पर इंजन साफ हाय."

एवढे होईपर्यंत सिंधूताई माझ्या मागच्या सीटवर टेकून बघत होत्या. पुरुषांचे बोलणे लांबले. अप्पांनी वळून पाहिले तर त्या गाढ झोपल्या होत्या. तोंड जरा उघडे, हात मांडीवर सैल. कित्येक महिन्यांत त्या अशा बसल्या बसल्या झोपल्या नव्हत्या. अप्पा काचेतून पाहत राहिले आणि पांढरी विसरून गेले.

"हीच घेऊ," ते हळूच म्हणाले.

"घ्या. पर एक बात ध्यानात ठेवा," रसूलभाई कपडे झटकत म्हणाले. "हिच्या धुराच्या नळीत एक जाळी असती. काजळी त्यात साठती. हायवेला तास-दोन तास जोरात पळाली की ती तापून जळून जाती. पर नुसती गावात फिरवली, हळूहळू चालवली, का झाकून ठेवली, तर काजळीनं गुदमरून जाती बगा."

"मग तर सोपं झालं की. पंधरा दिवसाला नायगावला जायचंच हाय."

"तेच म्हणतो मी. वहिनीला माहेर, आन् हिला औषध."

मला त्या दिवशी फार हायसे वाटले. म्हातारपणी असे घर मिळावे, जिथे त्यांची गरज आणि आपली गरज एकच असावी, याहून जास्त काय पाहिजे?

पण मित्रांनो, जे झाले ते माझ्यावरच्या मायेपोटी झाले. मी औशाला आले, ओवाळणी झाली, चाकाखाली लिंबू आले. सगळी गल्ली गोळा झाली. आणि अप्पांना वाटले, एवढी चांगली वस्तू रोज वापरायची नसते. सीटवर पहिल्याच आठवड्यात जाड प्लास्टिक चढले. अंगावर ताडपत्री आली. सिंधूताई पहिल्यांदा नायगावला निघाल्या तेव्हा लोह्याच्या पुढे रस्त्याचे काम चालू होते. "खडी उडतीय तिथं. रंग जाईल. या खेपेला जीपनं जाऊ," अप्पा म्हणाले. ताईंनी पट्टा आवळला आणि त्या जीपमध्ये बसल्या.

मग लग्नसराई आली. आमच्याकडे नवरदेव लग्नाआधी वाजतगाजत मारुतीच्या देवळाला जाऊन येतो, त्याला परण्या म्हणतात. पूर्वी घोडा असे. आता गाडी लागते, आणि गल्लीत माझ्याहून थोराड गाडी कुणाचीच नव्हती. आधी अप्पांचा पुतण्या बालाजी याच्या लग्नात मला नेले. मग बालाजीच्या मित्रांच्या. मग भावकीच्या, मग भावकीच्या पाहुण्यांच्या. लोक दारात येऊन सुपारी पुढे करत आणि अप्पांना नाही म्हणता येत नसे. नाही म्हटले तर गाडी आली आणि माणूस बदलला असे झाले असते. खरे सांगायचे तर त्यांना ते आवडतही असे. "अप्पांची गाडी" असे कुणी म्हटले की ते ओठ दाबून हसत.

परण्यात मी काय करत होते? बँडच्या मागे चालत होते. मुंगीच्या पावलाने. दहा पावले पुढे, मग नाचणारे थांबले की मीही थांबायचे, इंजिन चालूच. देऊळ हाकेच्या अंतरावर, पण जायला दोन-दोन तास. बॉनेटवर झेंडूचे ओझे, छतावर कुणीतरी चढलेले. लोक माझे फोटो काढत होते आणि माझ्या पोटात काजळी बसत होती. एका उन्हाळ्यात असे अकरा परणे झाले. मी थकत होते, पण नटवलेल्या गाडीची धाप कुणाला ऐकू येणार?

एकदा माझ्या वेगाच्या काट्यापाशी पिवळा दिवा लागला. मला तेवढेच बोलता येते.

"हा कशाचा रे दिवा?" अप्पांनी विचारले.

"परदेशी गाड्यांना लागत असतो काका, त्यात काय," बालाजी म्हणाला. "लग्नाच्या व्हिडिओत मात्र लई चमकून राहिलाय." आणि त्याने सजावटीच्या सोनेरी पट्टीचा एक तुकडा त्या दिव्यावर चिकटवून टाकला.

सिंधूताईंचे मात्र तसेच चालले होते. कधी जीप, कधी एसटीत उभ्याने. पुढे पुढे पंधरा दिवसांचा महिना झाला, महिन्याचे दोन झाले, कारण प्रत्येक फेरीनंतर त्या दोन दिवस उताण्या पडून राहत. "या रविवारी मोठी गाडी काढायची का?" असे त्या विचारत आणि तो रविवार कुणाला तरी आधीच दिलेला असे. "असू द्या," त्या म्हणत. त्यांनी कधी आदळआपट केली नाही. ती केली असती तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

एका सकाळी त्या माझ्या शेजारी उभ्या राहून वडिलांशी फोनवर बोलत होत्या.

"गाडी दाखवायला कदी आनतीस?" पलीकडून खोल गेलेला आवाज आला.

"आणते की बाबा. पुढल्या खेपेला."

"उंच किती हाय?"

ताई माझ्या अंगाला टेकल्या आणि हसून म्हणाल्या, "माझ्या डोक्यावर दीड वीत धरा."

"बरं बरं," म्हातारा म्हणाला. त्याने हे कशाला विचारले ते तेव्हा ताईंनाही कळले नाही आणि मलाही नाही.

मग तो दिवस आला. संक्रांत होऊन गेली होती. सकाळी सातला नायगावहून ताईंच्या आईचा, शरणम्मांचा फोन आला. "बाबा बोलून न्हाई राहिले. तुझं नाव तेवढं घेतेत. ये लवकर."

अप्पांनी स्वतः ताडपत्री ओढून काढली. "आज जीप न्हाई. मोठी गाडी काढतो. तुला आरामात नेतो आन् लवकर नेतो."  ताई मागे बसल्या, खाली प्लास्टिक करकरले.

लातूर गेले, अहमदपूर गेले. मी जीव तोडून धावत होते. खोटे कशाला सांगू, मला आनंदही होत होता. इतक्या दिवसांनी मोकळा रस्ता आणि मागे तीच माझी माणसे. पण आतली जाळी गच्च भरली होती. एका धावेत जळून जाईल एवढी थोडी ती काजळी आता राहिली नव्हती. लोह्याच्या अलीकडे माझा श्वास कोंडला. ऐंशीवरून मी पन्नासवर आले, पन्नासवरून तीसवर, मग त्याहून खाली. अप्पांनी पाय तळापर्यंत दाबला. मागून ऊस भरलेला ट्रॅक्टर आला, त्याने भोंगा वाजवला आणि तो पुढे निघून गेला.

मित्रांनो, मी परण्याच्या चालीने चालले होते. मला तीच चाल शिकवली होती.

अप्पांनी ती सोनेरी पट्टी नखाने काढली. खाली दिवा होता, आता लाल झालेला. ते त्याच्याकडे पाहत राहिले. मागून ताई शांतपणे म्हणाल्या, "थांबवा. एसटीला हात करू."

दोघे माझ्या शेजारी रस्त्यावर उभे राहिले. अर्ध्या तासाने नांदेडची बस आली. बसायला जागा नव्हती. ताई दांडी धरून, कमरेवर एक हात ठेवून उभ्या राहिलेल्या मला काचेतून दिसल्या. मग बस दोघांना घेऊन गेली.

अप्पांचा निरोप मिळून दुपारी उशिरा रसूलभाई मला ओढून न्यायला आले. त्यांनी अप्पांना फोन लावला, ऐकले, आणि "अल्ला सबर दे" एवढेच म्हणाले. सिद्रामप्पा दीडच्या सुमारास गेले होते. ताई पोचल्या सव्वादोनला. मी नीट असते तर आम्ही बारा-साडेबारालाच दारात असतो. रसूलभाईंनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "तुझा कसूर न्हाई," ते पुटपुटले. पण मला तसे वाटत नाही, अजूनही वाटत नाही.

दोन दिवस खपून त्यांनी ती जाळी उतरवून साफ केली आणि मला औशाला आणून सोडले. अप्पा अंगणात बसले होते. ते माझ्याकडे बघू शकत नव्हते. पुढच्याच आठवड्यात भावकीतले एक जण सुपारी घेऊन आले. अप्पा काही बोलण्याआधी ताई दारात आल्या. त्यांनी भिंतीवरची किल्ली काढली आणि स्वतःच्या कमरेला खोचली.

"गाडी कामात हाय," त्या म्हणाल्या. "नायगावला जायची हाय." मग त्या माझ्याकडे आल्या आणि त्यांनी सीटवरचे प्लास्टिक टराटरा फाडून काढले.

त्या पंधरवड्यात मी पहिल्यांदा नायगाव पाहिले. गावाच्या कडेला लहानसे घर, समोर एक डेरेदार कडुलिंब. अप्पांनी मला त्याच्या सावलीत नेले. वर एक जाड फांदी तोडलेली होती. कापलेल्या जागी बारीक लालसर पालवी फुटली होती. माझे छत त्या तोडलेल्या फांदीच्या थोटकाखालून अलगद आत गेले, चार बोटे जागा राखून.

शरणम्मा काठी टेकत बाहेर आल्या. त्या आणि सिंधूताई उंचीला अगदी सारख्या आहेत.

"त्यांनीच तोडून घेतली," त्या लेकीला म्हणाल्या. "उठवत नव्हतं, तर खाट बाहेर काढायला लावली. मला इथं लिंबाखाली उभं केलं, आन् गड्याला म्हणले, हिच्या डोक्यावर दीड वीत मोज, तितकं रिकामं कर. सिंधूची गाडी उन्हात उभी राहाया नको."

सिंधूताई माझ्या दाराला टेकून रडल्या. त्यांना पहिल्यांदाच असे रडताना मी पाहिले. अप्पा लांब विहिरीपाशी पाठ करून उभे होते.

आता मी पंधरा दिवसांनी नायगावला येते. शरणम्मांना दवाखान्यात नेते, नांदेडला नेते, आणि मग त्या लिंबाखाली उभी राहते. माझी धाप कमी झाली आहे. थकवा जात नाही, तो आता जायचाही नाही.

मित्रांनो, तुमच्या दारात माझ्यासारखी कुणी झाकलेली असेल, तर तिला फुले घालू नका, प्लास्टिक चढवू नका. ताडपत्री काढा, आणि ज्या माणसासाठी तिला आणले त्याला बसवून आजच निघा. कुठेतरी कुणीतरी तिच्या उंचीची जागा करून वाट बघत असेल.