तात्यारावांची बंदूक

बद्रीनाथशेठनी बंदुकीच्या नळीत टॉर्च मारला, एक डोळा मिटला आणि ते बराच वेळ आत बघत राहिले. काउंटरच्या अलीकडे बुद्धभूषण उभ्याउभ्याच घड्याळ बघत होता.

"खुर्च्या आहेत तिकडे," नळीवरून डोळा न काढता शेठ म्हणाले. "बसायचे पैसे घेत नाही आम्ही."

बुद्धभूषण बसला नाही. विक्रीकर खात्यात उपायुक्त होऊन निवृत्त झालेल्या माणसाला असल्या कळकट दुकानात बसावंसं वाटेल तरी कसं? त्याची आई, सुंदराबाई, मात्र केव्हाच टेकली होती. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून ती शेठकडे बघत होती.

बंदूक त्याच्या वडिलांची. मागच्या उन्हाळ्यात तात्याराव गेले तेव्हा नियमाप्रमाणे ती या दुकानात जमा करावी लागली. आता पानशेतकडच्या कुणा लायसन्सवाल्या रिसॉर्टमालकाला जुनी बंदूक हवी होती, आणि बुद्धभूषणला ही ब्याद एकदाची जायला हवी होती. कागदावर त्याची आणि आईची, दोघांची सही लागणार होती. पण "आधी किंमत ऐकीन, मग सही," असं म्हणून म्हातारी हटून बसली आणि शेवटी रिक्षात बसून बरोबर आली.

त्याला या लोखंडाची पहिल्यापासून शिसारी होती. दर्शनी खोलीत बुद्धाची मूर्ती आणि आतल्या कपाटात बारा बोअरची बंदूक, हे कर्वेनगरच्या सोसायटीत कुणाला कळलं असतं तर तोंड लपवायची वेळ आली असती. तात्याराव पलटणीतून नाईक म्हणून निवृत्त झाले आणि पुढे तिथल्याच एका साहेबाकडून त्यांनी ही विलायती बंदूक पैदा केली. मग गावी रोज दिवेलागणीला तोच तमाशा. अंगणात उभं राहायचं, नळीखालची लाकडी मूठ खसकन मागे ओढायची आणि पुढे ढकलायची. खर्र-खट्ट! साऱ्या वस्तीला ऐकू जायला हवं. मग मिशीवरून हात फिरवत स्वारी घरात. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, रानडुकरं येतात. पुढे पुण्याला राहायला आल्यावर आपल्या नातीला, म्हणजे मैत्रीला, याच डुकरांच्या शिकारीच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगायचे. बुद्धभूषण दहाव्या वर्षी हॉस्टेलला गेला तो सुटल्यासारखा गेला. बापाच्या बढायांची त्याला मनापासून लाज वाटायची.

त्याने डोळे चोळले. काल रात्रीही गोळी घेऊन दोनशिवाय डोळा लागला नव्हता. रात्रीची झोप अशी त्याला कित्येक वर्षांत ठाऊकच नव्हती. त्याचं खापर तो सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांवर फोडत असे.

शेठनी टॉर्च विझवला.

"कशासाठी वापरायचे म्हणालात?"

"शिकार," बुद्धभूषण म्हणाला. "रानडुकरं."

"अस्सं. डुकरं हसून हसून मरत असतील." शेठनी बंदूक काउंटरवरच्या फडक्यावर आडवी ठेवली. "अहो, नळी कोरी आहे. हिच्यातून एकसुद्धा बार निघालेला नाही. आणि हा पंप बघा. मुठीचं लाकूड गुळगुळीत, खालच्या दांड्यावरचा काळा रंग उडून पांढरं लोखंड दिसायला लागलंय. कुणीतरी रिकामी बंदूक वर्षानुवर्षं नुसती खेळवलीय."

बुद्धभूषण हसला. बापाबद्दलचं आपलं मत कुणा जाणकाराने असं शिक्का मारून द्यावं, याचं त्याला बरंच वाटलं.

"म्हणजे डुकरंसुद्धा थापाच. बोला, किती?"

"विलायती माल आहे, हल्ली मिळत नाही. धड असती तर लाखाच्या वर बोललो असतो. ही तीस हजार. तेही त्या गृहस्थांना नुसती भिंतीवर टांगायचीय म्हणून."

"ऐकलंस ना आई? तीस हजार. कर सही."

सुंदराबाईने पेन घेतलं नाही.

"नळी कोरी हाय म्हनले, ते खरं हाय," ती म्हणाली. "चार काडतुसं हुती. कधी घातली न्हाईत."

"मग एवढं डुकरांचं पुराण कशाला लावलं होतं त्यांनी?"

"डुकरं कुठली रं? गावच्या हिरीवर पानी भरलं म्हनून रातची मानसं आली हुती वस्तीवर. दोन घरं जाळली. तू रांगत हुतास. मग त्यांनी ही आनली. रोज सांजच्याला आवाज करायचे. पार गावात जायचा. त्यानंतर कुनी आलं न्हाई." तिने पिशवीचे बंद सारखे केले. "लेकराला काय सांगायचं, कोन येतंय ते? म्हनून डुकरं."

शेठनी उगाचच फडक्याची घडी सरळ केली. पण धंदा तो धंदा.

"पंप किती ढिला झालाय ते दाखवतो," ते जरा हळू आवाजात म्हणाले. "नंतर मला बोल लावू नका."

त्यांनी बंदूक उचलली, नळी छताकडे केली आणि मूठ ओढली. खर्र-खट्ट!

बुद्धभूषण काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलं आणि त्याला जांभई आली. साधीसुधी नाही, जबडा दुखवणारी, डोळ्यांत पाणी आणणारी. ती आवरेना. खांदे सैल पडले, आणि मागे चाचपडत तो खुर्चीत बसला.

"अगदी अस्साच," सुंदराबाई म्हणाली. "आवाज झाला की जांभई, अन् टेकलास की झोप. जेवनसुदिक व्हायचं न्हाई तुझं."

त्याला भयंकर लाज वाटली, आणि या वेळी ती बापाची नव्हती. काउंटरवर कागद होता, त्यावर पेन होतं. शेठनी ते बोटाने त्याच्याकडे सरकवलं.

"सही कुठे करायची ते दाखवू का?"

"शेठ," बुद्धभूषण म्हणाला, "परत एकदा करा."

"काय?"

"तो आवाज."

शेठनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी नळी पुन्हा छताकडे केली आणि मूठ मागे ओढली.