काढलं काय?

शंकुण्णी नायरांना अल्सर झाला आहे, असं त्यांच्या घरच्यांनी एकमताने ठरवलं होतं. पोटातल्या गाठीचं खरं नाव फक्त परसात, विहिरीपाशी, तेही खालच्या आवाजात घेतलं जाई. शंकुण्णींनी केरळात ओट्टप्पालमच्या आसपास चाळीस वर्षं लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक केला होता. दहा चुली पेटलेल्या असताना कुठल्या भांड्यात खाली लागतंय, हे ते नुसत्या वासावरून सांगत. अशा माणसाला आपण काही कळू देत नाही, अशी घरच्यांची गोड समजूत होती.

आता पेजेचा घोटसुद्धा त्यांच्या पोटात ठरत नव्हता. गाठीने जठराची खालची वाटच बुजवली होती. शंकुण्णींना मरणाची फारशी भीती नव्हती, पण हजारोंना पोटभर जेवू घालणाऱ्याने स्वतः उपाशी मरावं, याची त्यांना लाज वाटे. ओणम महिन्यावर आला होता. दर ओणमला ते दुसऱ्यांच्या घरी पायसम ढवळत असत. या ओणमला स्वतःच्या घरी, बायकोच्या हातचं, केळीच्या पानावर जेवायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

सर्जन सफिया डॉक्टरांनी नातेवाइकांना चहाला पिटाळलं आणि पेशंटलाच विचारलं, तुम्हाला काय हवंय? हा प्रश्न तोवर कुणाला सुचला नव्हता. जेवायचंय, शंकुण्णी म्हणाले. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आजार यकृतापर्यंत पोचलाय, गाठ काढून आयुष्य वाढणार नाही. पण तिला वळसा घालून आतडं जठराला वरच्या बाजूला जोडता येईल. थोडा धोका आहे, आणि हाती काही महिनेच असतील, पण अन्न खाली उतरेल.

"म्हणजे पुढचं दार अडलंय, तर पाहुणे मागच्या दाराने आत घ्यायचे," शंकुण्णी म्हणाले आणि त्यांनी सही केली.

डॉक्टरांनी घरच्यांनाही हेच सांगितलं. घरच्यांनी त्यातला 'ऑपरेशन' एवढाच शब्द ऐकला.

ऑपरेशनच्या दिवशी सगळे थिएटरच्या दाराशी जमले. बायको देवकी, शारजाहून आलेला मुलगा उदयन, आणि देवकीचा भाऊ गोपालन मास्तर. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, शिकवण्यातून नाही. ऑपरेशन संपलं की डॉक्टर ट्रे घेऊन बाहेर येतात आणि काढलेली गाठ दाखवतात, हे त्यांनी भाच्याला समजावलं. त्यांच्या बायकोच्या, सरोजिनीच्या वेळी दाखवली होती, चांगली नारळाएवढी. त्या गाठीचा फोटो त्यांच्या फोनमध्ये होता आणि तो ते लोकांना लग्नाच्या मांडवातसुद्धा दाखवत, तेही जेवणाआधी.

उदयन फोन सरसावून उभा राहिला. सफिया डॉक्टर हात हलवत बाहेर आल्या.

"काढलं काय?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. वाट करून दिलीय."

मास्तरांचे डोळे पांढरे झाले. पोट फाडायचं आणि रिकाम्या हाताने परत यायचं? बाईंना जमलं नाही, हा निकाल त्यांनी जागेवरच देऊन टाकला. चार दिवसांत त्यांनी कोचीतला 'सगळं साफ काढणारा' एक डॉक्टर शोधला आणि तारीख ठरवली नेमकी ओणमची, कारण त्या दिवशी रस्ते मोकळे असतात.

तोवर शंकुण्णी पेजेवरून मऊ भातावर आले होते. ओणमच्या दिवशी ते पानावर बसले, घास घास चावून खाऊ लागले. कोहळ्याचं ओलन चांगलं झालंय, हेही त्यांनी कबूल केलं, जे चाळीस वर्षांत कधी केलं नव्हतं. इतक्यात अंगणात मास्तरांनी ठरवलेली गाडी उभी राहिली.

"अळिया, उठा," मास्तर मेहुण्यांना म्हणाले. "अल्सरची मुळं आत राहिलीत."

"कॅन्सर म्हण, गोपाला. जीभ झडणार नाही तुझी."

देवकीच्या हातातला डाव तसाच राहिला. आपल्याला पहिल्यापासून माहीत होतं, आणि गाठ न काढता वाट करून घ्यायचं आपणच ठरवलं, असं शंकुण्णी शांतपणे म्हणाले.

उदयन वडिलांच्या पानापाशी उकिडवा बसला. "मग अच्छन, आम्ही काय नुसतं हातावर हात ठेवून बसायचं?"

"हात धू आणि जेवायला बस."

मास्तर मात्र हटेनात. "सरोजिनीची मुळापासून काढली होती. मी या डोळ्यांनी पाहिली."

"गाठ पाहिलीस. नंतर सरोजिनी काय जेवली?"

सरोजिनी ऑपरेशननंतर चौतीस दिवस इस्पितळातच होती, नाकात नळी घालून. घरी आली ती गेल्यावरच.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "कैरीचं लोणचं मागायची. बोटभर. मी म्हणायचो, बरी झालीस की खा."

देवकीने नवऱ्याशेजारी दुसरं पान मांडलं आणि भावाचा हात धरून त्याला बसवलं. रीतीप्रमाणे पानाच्या डाव्या टोकाला तिने आधी लोणचं वाढलं. मास्तर त्याकडे बघत राहिले.

"गाडी परत पाठव, उदया," शंकुण्णी म्हणाले. "आणि तू जेव, गोपाला. तिच्या वाटचंही जेव."