ब्रिजिड शिरली त्या घरी

"मावशी या वर्षी बाहेर जाणार नाही. विषय संपला," सोरखा म्हणाली आणि ओला कोट न काढताच ईटाच्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली.

विषय संपला असं कुणी म्हटलं की आमच्या बायकांत तो खरा सुरू होतो. ईटाने बटाटे कुस्करायचं थांबवलं. कोपऱ्यात संत ब्रिजिडसाठी टोपलीत बिछाना घालत बसलेल्या दोघींनी माना वर केल्या. मी त्या मावशीकडे, अ‍ॅट्रॅक्टाकडे पाहिलं. ती शेगडीपाशी बसून गुडघ्यांवर हात शेकत होती.

"मी इथेच बसलेय हं," ती म्हणाली. "मेले नाहीये अजून. माझ्याबद्दल बोलायचं तर माझ्याशी बोला."

"मावशी, परवा तू अंडी उकडायला ठेवलीस आणि चर्चला निघून गेलीस. परत आलीस तेव्हा घरभर धूर होता."

"मग? अंडी शिजली की नाही?"

आम्ही सगळ्या हसलो. सोरखा हसली नाही. तिचा चेहरा पाहून मीही हसणं आवरलं.

जानेवारीच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही जमतो. फादर तिला संत ब्रिजिडची संध्याकाळ म्हणतात. शहरात शिकून आलेल्या मुली जुन्या आयरिश नावाने इम्बोल्क म्हणतात आणि ब्रिजिड मुळात संत नव्हतीच, देवी होती, असं ठासून सांगतात. ईटा म्हणते, नाव काहीही द्या, बटाट्यात लोणी कमी पडता कामा नये. मी गावातल्या चपलांच्या दुकानात आयुष्य काढलं, मला देवी आणि संत यांतलं काही कळत नाही. एवढं मात्र कळतं की हिवाळाभर ज्या बायका एकमेकींशी दुकानाच्या काउंटरवर फक्त हवेबद्दल बोलतात, त्या या एका संध्याकाळी एकमेकींचे हात धरतात, गेल्या वर्षी गेलेल्या माणसांची नावं घेतात आणि कुणी रडलं तर तिला रडू देतात. माझा नवरा वारला त्या वर्षी मी इथेच पहिल्यांदा मोकळी रडले होते.

आणि या सगळ्याची सुरुवात दारावरच्या थापेने होते. आमच्यातली एक डोक्यावरून शाल घेऊन एकटी बाहेर पडते. ती तेवढ्यापुरती ब्रिजिड. तळ्याकाठचे लव्हाळे उपटून आणायचे, सूर्य फिरतो त्या दिशेने घराला फेऱ्या घालायच्या आणि मग दारावर थाप मारून ओरडायचं, ब्रिजिड आलीय, दार उघडा. तीनदा ती मागते, तीनदा आतल्या बायका ये म्हणतात, मग दार उघडतं. तोवर घरात दिवा लावायचा नाही, ताटाला हात लावायचा नाही आणि खिडकीतून डोकावायचं तर मुळीच नाही. ती आत आली की हिवाळ्याची पाठ फिरली असं समजायचं. पाऊस नंतरही दोन महिने पडतो, पण ते वेगळं.

आमची ब्रिजिड पहिल्यापासून अ‍ॅट्रॅक्टाच. तिच्यासारखा आवाज कुणाचा नाही. शिवाय दारं वाजवण्यातच तिचा जन्म गेला. घरोघरी जाऊन एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं करायचं, हे तिचं काम. शेगडी पेटवायची, अंग पुसायचं, औषध द्यायचं, शिव्या खायच्या. बहुतेक घरांच्या किल्ल्या तिच्या खिशात असायच्या, तरी ती दार वाजवल्याशिवाय आत जात नसे. म्हणायची, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला निदान ये म्हणायचा तरी मान असू दे. तिने लग्न केलं नाही. धाकटी बहीण, सोरखाची आई, गेली तेव्हा सोरखा रांगत होती. अ‍ॅट्रॅक्टाने तिला काखोटीला मारलं आणि त्याच फेऱ्या चालू ठेवल्या. निम्म्या गावच्या म्हाताऱ्यांनी त्या पोरीला मांडीवर खेळवलंय.

आता तीच पोर गॉलवेच्या शाळेत गणित शिकवते आणि दर शुक्रवारी गाडी हाणत येते. मार्चमध्ये मावशीला गॉलवेला तिच्या घराजवळच्या म्हाताऱ्यांच्या एका होममध्ये ठेवायचं तिने ठरवलं होतं. जागा चांगली होती, खिडकीतून समुद्र दिसायचा. सोरखाला बोल लावावा असं त्यात काहीच नव्हतं, आणि म्हणूनच कुणाला काही बोलता येत नव्हतं.

"सोरखा," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली, "मार्चात मी येते म्हटलंय ना? येते. भांडले का मी तुझ्याशी? पण पुढच्या वर्षी या दिवशी मी तिथे असेन. तिथे बाहेरून कोण येणार आणि आतून कोण ये म्हणणार? अजून शब्द आठवतायत तोवर एकदा मला जाऊ दे. एकदाच."

"बाहेर धुकं आहे गं. तळं किती चढलंय बघितलंस का?"

"तळं काय आज चढतंय?"

आमच्याकडची तळी उन्हाळ्यात नसतात. तिथे गुरं चरतात. हिवाळा आला की पाणी जमिनीतूनच गवतात वर येतं, आवाज न करता, आणि एका सकाळी कुंपणाचे खांब पाण्यात उभे दिसतात. यंदा ते ईटाच्या खालच्या कुरणापर्यंत आलं होतं. मग हंसही आले. दिसत नव्हते, पण धुक्यातून त्यांचं बोलणं दिवसभर ऐकू यायचं.

शेवटी ईटाने तोड काढली. लव्हाळे तिने सकाळीच उपटून आणले होते, ते फाटकाजवळच्या भिंतीवर ठेवले होते. अ‍ॅट्रॅक्टाने फाटकापर्यंत जायचं, ते उचलायचे, घराला फेरी घालायची आणि दार वाजवायचं. बस. सोरखाने ओला कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"फाटकाच्या पुढे एक पाऊल नाही."

"एक पाऊल नाही," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली. मी तिच्या डोक्यावर शाल घातली, हनुवटीखाली गाठ मारली. तिने माझ्या गालावर चापट मारली. "गोरेटी, तू तरी असं आंबट तोंड करू नकोस. ब्रिजिड बघून पळून जाईल."

ती बाहेर पडली. ईटाने दिवा मालवला.

अंधारात शेगडीचा लाल उजेड तेवढा उरला. आम्ही गोल करून उभ्या राहिलो, हातात हात. बटाट्यांचा आणि लोण्याचा वास येत होता. त्या थांबण्यात मला दर वर्षी गुंगी येते. पाय जमिनीवर असतात, पण आपण आत्ताच्या बायका आहोत की आपल्या आज्यांच्याही आज्या, हे कळेनासं होतं. त्यांनीही असंच कान देऊन ऐकलं असेल, अशाच ओल्या संध्याकाळी, अशाच भुकेल्या पोटी. बाहेर हंस बोलत होते. मधेच ते गप्प झाले. मला वाटलं, फेरी झाली असेल, आता थाप पडेल. मग वाटलं, आता. माझ्या हातातला सोरखाचा हात गार पडत चालला होता.

थाप पडली नाही.

"थोडं थांबू," कुणीतरी कुजबुजलं. "हळू चालते ती."

सोरखाने हात सोडवून घेतला आणि दार उघडलं. इतक्या वर्षांत या संध्याकाळी थाप पडायच्या आधी ते पहिल्यांदाच उघडलं गेलं. उंबऱ्यात कुणी नव्हतं. धुकं दाराशी येऊन उभं होतं, इतकं दाट की अंगणातली गाडीसुद्धा दिसत नव्हती.

"मावशी!"

धुक्यात हाक लांब जात नाही. आम्ही टॉर्च घेऊन बाहेर धावलो. भिंतीवरचे लव्हाळे नव्हते. फाटक उघडं होतं. सोरखा सरळ खालच्या कुरणाकडे पळाली, आणि ती तळ्याकडे चाललीय हे कळून मीही तिच्यामागे धावले. पाण्याच्या काठी आम्ही एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर उभ्या राहून टॉर्च फिरवत होतो. उजेडात फक्त राखाडी पाणी, गवताची टोकं आणि दूरवर काहीतरी पांढरं. ते पांढरं हललं तेव्हा सोरखाच्या तोंडून असा आवाज निघाला की तो मला पुन्हा कधी ऐकावा लागू नये. हंस होता तो. त्याने मान वळवून आमच्याकडे बघितलं आणि निघून गेला.

तेवढ्यात वरच्या रस्त्यावरून एका बाईचा आवाज आला. "हॅलो? हॅलो! म्हातारी बाई हरवली?"

ती रोझिलेनी होती, पलीकडच्या घरात राहणारी. ते घर पूर्वी हेहिर आजीचं. आता तिथे मांसाच्या कारखान्यात काम करणारं ब्राझीलचं जोडपं भाड्याने राहत होतं. येता जाता मान हलवण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. ती स्लीपर घालून चिखलातून आली होती.

"माझ्या घरी," ती धापा टाकत म्हणाली. "ठीक आहे. बसली. सूप दिलं."

सोरखा तिथेच चिखलात उकिडवी बसली. मी तिला हाताला धरून उठवलं.

हेहिर आजीच्या त्या दारात अ‍ॅट्रॅक्टा वर्षानुवर्षं रोज सकाळी थाप मारायची. आजीला जाऊन किती वर्षं झाली, पण पायांना कोण सांगणार? फाटकाशी तिने लव्हाळे उचलले असतील, घर कुठल्या बाजूला ते धुक्यात दिसलं नसेल, आणि पाय आपल्या सवयीच्या वाटेला लागले असतील.

आत गेलो तर ती शेगडीजवळच्या खुर्चीत बसली होती, शाल खांद्यावर, हातात सुपाचा वाडगा. तळ्याच्या काठाकाठानेच आली असावी, घोट्यांपर्यंत भिजली होती. निम्मे लव्हाळे तिच्या मांडीवर होते, निम्मे रोझिलेनीने फुलांसारखे पाण्याच्या जगमध्ये घालून टेबलावर ठेवले होते.

"दार वाजलं," रोझिलेनी सांगायला लागली. शब्द शोधत होती, हात मात्र भराभर चालत होते. "मी बघितलं, म्हातारी बाई, डोक्यावर शाल, हातात गवत. काहीतरी मोठ्याने म्हणाली. मला नाही कळलं. पण आमच्या गावी, जानेवारीत, तीन राजांची, बाळ येशूला भेटायला गेले ते, त्यांची माणसं येतात. झेंडा, गाणं. दारात उभी राहतात, आत घ्या म्हणतात. त्यांना नाही म्हणायचं नसतं. पाप लागतं. मग मी म्हटलं, या. तरी आत येईना! पुन्हा ओरडली. मी पुन्हा म्हटलं, या. तीन वेळा! मग आली." ती जराशी घाबरली. "चुकलं का माझं?"

ईटाने नाक पुसलं.

"चुकतंय कसलं? आम्हालाही इतकं नीट जमत नाही. झालं तर मग. ब्रिजिड आत आली. तिला हे घर आवडलं, तर सण या घरी." ती वळून बाकीच्यांवर ओरडली, "बघताय काय? बटाटे आणा जा. आणि केक. आणि माझी लोण्याची बशी विसरू नका!"

दोघीतिघी पळाल्या. रोझिलेनी घाईघाईने टेबल आवरायला लागली, खुर्च्या कमी पडतील म्हणून पलंगावरच्या उशा जमिनीवर टाकायला लागली. मी तिला मदत करत होते, पण लक्ष माझं सोरखाकडे होतं. ती दाराला पाठ टेकून उभी होती.

"मावशी, चल, घरी जाऊ," ती म्हणाली. आवाज शिक्षिकेचा होता, पण मधेच चिरकला.

"आत्ताच तर आले," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली. "आल्या आल्या कुणी निघतं का? या बाईला काय वाटेल?"

मला वाटलं, आता सोरखा ओरडणार. पाण्याच्या काठी जे तिने सोसलं होतं ते कुठेतरी बाहेर पडायलाच हवं होतं, आणि ती ओरडली असती तर मी तिला दोष दिला नसता. पण ती पुढे आली, फरशीवर गुडघे टेकून बसली आणि मावशीच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. ओल्या गाठी सुटत नव्हत्या. तिने दातांनी एक सोडवली. बूट काढला, मोजा काढून पिळला. पाय पाण्याने पांढरा पडून सुरकुतला होता. रोझिलेनीने न सांगता टॉवेल पुढे केला. सोरखाने तो पाय मांडीवर घेतला आणि बोटाबोटांच्या मधून पुसायला लागली.

अ‍ॅट्रॅक्टा वाडगा धरून वाकून तिच्याकडे बघत होती. मी तिला चाळीस वर्षं ओळखते. तिच्या डोळ्यांत माया होती, पण ती दारात आलेल्या कुठल्याही पोरीसाठी असते तेवढीच होती.

"चांगली पोर आहेस गं," ती म्हणाली. "कुणाची तू?"

सोरखाचे हात थांबले. मी टेबलावरचे चमचे उगाच सरळ करत राहिले.

"इथलीच," सोरखा म्हणाली.

"आणि आई कुठाय तुझी? एवढ्या धुक्यात तुला एकटीला सोडलं?"

"नाही सोडलं," सोरखा म्हणाली. तिने मान वर केली नाही. "इथेच आहे ती."

"मग ठीक," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली, आणि तिने दुसरा पाय पुढे केला.