दाखवण्यापुरता बरा

"बरं वाटायला लागलं की लोक गोळी सोडतात. तुम्ही सोडू नका," असं मुंबईच्या डॉक्टरांनी कोकिळेला बजावलं होतं. तिने मान डोलावली आणि विषय सोडून दिला. बी.ए.ला तिचा मानसशास्त्राचा एक अख्खा पेपर होता. तिला आणखी काय सांगायचं?

सदू तिचा धाकटा दीर. एकसष्ट सालच्या दिवाळीत त्याला विहिरीच्या रहाटातून माणसं बोलताना ऐकू यायला लागली. ती बाळाला न्यायला टपलीयत म्हणून तो कोकिळेच्या तान्ह्या मुलीच्या पाळण्यापाशी बसून राही. नव्या गोळ्यांनी महिनाभरात ती माणसं गप्प झाली. सदू मात्र मंद झाला, हात थरथरायला लागले, औषधामुळे ऊन बाधून चेहरा काळवंडला. डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितलं होतं. श्रीवर्धनात अंगणभर सुपारी वाळवणाऱ्या माणसाला हे सांगणं किती सोपं!

त्यात दिवेआगरचं स्थळ चालून आलं.

"असा ठोंब्यासारखा बसला तर मुलगी कोण देईल, आई?" कोकिळा सासूला, सोनाबाईंना, म्हणाली. "आठ दिवस गोळी बंद ठेवू. तरतरी येईल."

सोनाबाईंनी आधी गुरवाकडून देवीला कौल लावला. फूल डावीकडे पडलं.

"देवी न्हाय म्हणते गो."

"देवी कुठल्या कॉलेजात औषधं शिकली?"

"आनि तू शिकलीस व्हय?"

कोकिळेने गोळ्यांची डबी उचलून फळीवर लपवली.

"वहिनी, गोळी?" सदूने संध्याकाळी विचारलं.

"डॉक्टरांनी बंद केलीय."

आणि काय सांगावं, कोकिळा जिंकली! सदूने दिवेआगरच्या पाहुण्यांना स्वतः शहाळी तासून दिली, मुलीच्या मामांची टिंगलसुद्धा केली. आठ दिवसांचे दोन महिने झाले. बऱ्या माणसाला गोळी कशाला?

साखरपुड्याला मामा ओटीवर टेकतात न टेकतात, तोच सदू त्यांच्या कानाशी लागला. "तुमची दोन माणसं रहाटात बसलीयत. बाळाला न्यायला आलात ना?"

दिवेआगरकरांनी चहाही घेतला नाही. आणलेला नारळ मात्र आठवणीने परत नेला.

गोळी पुन्हा सुरू झाली. या खेपेला महिना उलटला, दुसरा उलटला, तरी रहाटातली माणसं बोलतच होती. डॉक्टर रागावले असते तरी बरं झालं असतं. ते नुसते "वेळ लागेल" म्हणाले.

"तूच म्हणालीस, डॉक्टरांनी बंद केली," सदू कोकिळेचा हात बाजूला सारतो. "आता कुणाच्या सांगण्यावरून देतेस?" याचं उत्तर पेपरात नव्हतं.

तो फक्त आईच्या हातून घेतो, आणि सोनाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. गोळी गिळतो की थुंकतो, त्यांना दिसत नाही. कोकिळा जवळ गेली की तो तोंड घट्ट मिटतो.

तेव्हा श्रीवर्धनला आलात तर सोनाबाईंच्या वाडीत जरा डोकवा. सदू सावलीला सुपारी निवडत बसलेला असेल. शेजारी टेका, पाणी मागा, इकडचं तिकडचं बोला, आणि सहज विचारल्यासारखं विचारा, आजची गोळी गिळलीस ना? फक्त कोकिळेने पाठवलंय म्हणून सांगू नका.