खुशालची तयारी

खुशालची तयारी करडीच्या शाळेत पहिलीत सुरू झाली आणि सव्वीस वर्षांचा घोडा झाला तरी संपली नाही. रुखमाला या तयारीचा असा काही तिटकारा होता की कोणी नुसतं खुशालचं नाव काढलं तरी तिच्या कपाळावर आठ्या चढायच्या.

रुखमा त्याच्याच वर्गातली. चौथीपर्यंत दोघं एकाच टाटपट्टीवर बसले. सेवकराम गुरुजी पहिलीत सांगायचे, हे काहीच नाही, खरा अभ्यास दुसरीत. दुसरीत म्हणायचे, चौथी येऊ द्या, मग समजेल. चौथीत पोरं पोचली तर म्हणाले, मॅट्रिकले पाहजा बाबू. समजायचं ते नेमकं कधी, हे गुरुजींना तरी समजलं होतं की नाही देव जाणे. रुखमाला मात्र लवकर समजलं. चौथी होताच बापानं तिला धान रोवणाऱ्या बायांत नेऊन उभं केलं, सासरी गेल्यावर कामी येईल म्हणून. पुढे तिला गावातच दिली.

खुशालचा बाप धनीराम मनानं भला, पण पोराच्या बाबतीत ठार आंधळा. पोराच्या पायाला चिखल लागू देईल तर शपथ. खुशाल मॅट्रिक झाला, बी.ए. झाला, टायपिंग शिकला, मग शहापूरच्या कोण्या क्लासात स्पर्धा परीक्षेला बसायचं शिकत राहिला. लग्न? नोकरी लागू द्या. मंडईच्या जत्रेतलं नाटक? परीक्षा होऊ द्या. लोकांची दोन-दोन पोरं शाळेत जायला लागली आणि हा अजून गाइड चाळतोय! शिकलेल्या माणसाचं सारंच न्यारं, दुसरं काय.

शहाऐंशी साली ऐन रोवणीच्या तोंडावर धनीरामला लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. त्याचे दोन एकर चार वर्षांपासून रुखमाच बटईनं करायची. अर्धं धान त्याचं, अर्धं तिचं. तिच्या घरची वर्षभराची चूल त्या अर्ध्या धानावर पेटायची. बाकी सगळं तिच्या हातात, एक गोष्ट सोडून. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोपांची पहिली जुडी शेतमालकाच्या घरच्या माणसानं रोवायची, मगच बायांनी चिखलात उतरायचं; आणि धनीरामच्या घरी बापलेक दोघंच. हा रिवाज मोडून रोवलेल्या बांधीत गावातली एकही बाई पाय घालत नसे.

पऱ्हे, म्हणजे रोवायची रोपं, पंचवीस दिवसांचे झाले तेव्हा रुखमा खुशालकडे गेली. त्यानं कृषी खात्याची पुस्तिका आणली होती. म्हणाला, आधी वाचून घेतो. तिसाव्या दिवशी गेली तर ओळी सरळ याव्यात म्हणून दोरीला गाठी मारत बसला होता. पस्तिसाव्या दिवशी तो भंडाऱ्याला फॉर्म भरायला गेला होता. बाया दोनदा येऊन परत गेल्या, आणि तिसऱ्यांदा एकच दिवस देऊ म्हणाल्या.

त्या दिवशी रुखमानं त्याला ओसरीवरच गाठलं.

"खुशालभाऊ, पऱ्हे कांड धरून राहिले. आज नाही रोवले तं मंग रोवून काही फायदा नाही. बैलं खातीन ते."

"अर्धवट तयारीनं काम बिघडते, रुखमा."

"अन् माहे लेकरं काय खातीन, तुही पुस्तिका?"

खुशाल येतो म्हणाला, पण रुखमाचा आता त्याच्या येतोवर काडीचा भरवसा उरला नव्हता. तिनं नवऱ्याला आणि दिराला हाक मारली आणि धनीरामला खाटेसकट उचलून शेतावर नेलं. म्हातारा वाटेत घूं घूं करत होता; नको म्हणतोय की चला म्हणतोय, कोणालाच कळेना.

खुशाल मागून आला. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसला, बूट काढले, मोजे बुटात घातले, पँटचा एक पाय दुमडू लागला. घडी नीट बसेना, म्हणून त्यानं पुन्हा सोडला. बाया पदर खोचून उभ्या होत्या. एकीला हसू आवरेना. रुखमाला हसू आलं नाही, तिचं अंग नुसतं जळत होतं.

तिनं धनीरामला काखेत धरून चिखलात बसवलं आणि त्याच्या डाव्या हातात जुडी दिली. त्या हातानं म्हाताऱ्यानं जन्मात रोवलं नव्हतं. पहिलं रोप आडवं पडलं. दुसरं पाण्यावर तरंगलं. तिसरं त्यानं अंगठ्यानं खाली दाबलं आणि ते उभं राहिलं. जुडी संपेपर्यंत त्याची हनुवटी चिखलाला टेकली होती. मग बाया सरसर खाली उतरल्या.

खुशाल दुसरा पाय दुमडून धुऱ्यावर उभा होता. रुखमानं म्हाताऱ्याचं तोंड पदरानं पुसलं आणि इतक्या वर्षांचं पोटातलं ओठावर आलं.

"पाहा मामा, तुमच्या बी.ए.ले. अजून वरतंच आहे."

धनीरामनं मान वळवून लेकाकडे पाहिलं. त्याच्या वाकड्या तोंडावर माया दाटून आली.

"पाहून राहिला ना तो," तो अडखळत म्हणाला. "पुढच्या साली रोवता येईन त्याले."

रुखमानं त्याला पुन्हा खाटेवर ठेवलं आणि बायांच्या ओळीत जाऊन वाकली.