वासाचे वय

मी एक जुना पंखा आहे. नेदरलँड्समधल्या एका खेड्यात, बेरेंद नावाच्या शेतकऱ्याच्या डुकरांच्या शेडमध्ये, मी तीस वर्षे भिंतीत बसलो आहे. आतली हवा बाहेर फेकायची, एवढेच माझे काम.

मित्रांनो, मला नाक नाही. पण माझ्या पात्यांतून गेलेला प्रत्येक वास मी ओळखतो. पिल्ले नवी येतात तेव्हा त्यांच्या विष्ठेला नासलेल्या दुधासारखा आंबूस वास असतो. पुढे त्यांचे खाणे बदलते, विष्ठा जाळीच्या जमिनीखालच्या खड्ड्यात साठू लागते आणि वास डोळ्यांना झोंबतो. जनावरे शंभर किलोंची झाली की तो कुजलेल्या अंड्यांसारखा जड होतो. बेरेंदचे वडील माझ्यासमोर उभे राहून, नुसत्या वासावरून सांगत, "अजून तीन आठवडे, मग ही विक्रीला जातील." मला त्याचा फार अभिमान वाटे.

पुढे ते वारले. माझ्यासमोर कोणी उभे राहीना. पात्यांवर धूळ साचली.

आमच्याकडे शेजारधर्म मोठा. एप्रिलमध्ये शेजारच्या खेरितच्या घरी नातू झाला, तेव्हा इथल्या रिवाजाप्रमाणे मनुक्यांचा लांबलचक पाव शिडीवर ठेवून सगळे शेजारी घेऊन गेले. पाहुण्यांना वास नको म्हणून बेरेंदने मला दोन तास बंद ठेवले. पिल्ले लहान होती. काही बिघडले नाही.

जुलैत खेरित आणि हर्मीन यांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली. शेजाऱ्यांनी त्यांच्या दाराला पाइनच्या फांद्यांची आणि कागदी गुलाबांची कमान बांधली. बांधता बांधता खेरित हसत म्हणाला, "बेरेंद, तुझी डुकरं आमंत्रणाआधीच येऊन बसलीत बघ."

बेरेंदला ते लागले. दुपारी तो बटणाशी आला. मागे त्याची बायको दीनी होती.

"पिल्लं आता पिल्लं राहिली नाहीत, बेरेंद. वास बघ किती जड झालाय."

"म्हणून तर बंद करतोय. एप्रिलमध्ये झालं का काही?"

"तेव्हा ती मांडीवर मावत होती."

"दोन तासांचा प्रश्न आहे, दीनी. खेरितच्या केकमध्ये आपला वास नको."

मी थांबलो की वाजणारी धोक्याची घंटाही त्याने बंद केली. बाहेर वारा नव्हता. मी थांबलो. पलीकडे बँड वाजत होता आणि माझ्या पाठीशी धापा वाढत होत्या. मग त्या कमी झाल्या. त्या कमी झाल्याचे मला जास्त भय वाटले.

दीड तासाने दोघे समारंभातून परतले. बेरेंदने दार उघडले, तशी दीनीने त्याची कॉलर धरली. "आत पाऊल टाकू नकोस, खड्ड्यातला विषारी वायू साचलाय. आधी पंखा."

मी जीव तोडून फिरलो. तो सगळा जड वास थेट खेरितच्या अंगणात गेला. बँड थांबला. छातीवर कागदी गुलाब लावलेली माणसे धावत आली. हवा निवळल्यावर कोट काढून त्यांनी एकतीस मेलेली डुकरे बाहेर ओढली.

खेरित बेरेंदजवळ बसला. "अरे वेड्या, पन्नास वर्षं मी तुमच्या डुकरांच्या वासात संसार केला. आणखी एक दुपार काढली नसती का?"



आता बेरेंद रोज सकाळी ओल्या फडक्याने माझी पाती पुसतो आणि डोळे मिटून, वडिलांसारखाच, माझ्यासमोर उभा राहतो. मित्रांनो, वास आला तर खुशाल नाक धरा. पण कालचा वास आणि आजचा वास एकच समजू नका. मुक्या जनावरांना आपले वाढणे सांगायला दुसरी भाषा नसते.